साचा उचलायची खूण

१

लाकडावर बोट दोनदा वाजलं की साचेकाका अजून दचकतात.

तसा तो आवाज काही मोठा नव्हता. टक, टक. विचारात पडलेला माणूस टेबलावर बोट आपटतो, तेवढाच. तो ऐकला त्याला आता जन्म लोटला. तेव्हा ते विशीतले होते आणि हे काम नुकतं शिकत होते. थोरल्या भावाला, दादाला, त्यांनी लाकडी बाकावर निजवलं होतं आणि त्याच्या तोंडावर ओल्या प्लास्टरचा थर दिला होता. प्लास्टरखाली माणसाला बोलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत. नाकात दोन नळ्या असतात, श्वास घ्यायचा तो त्यांतून. म्हणून हात बाकाच्या फळीवर ठेवायचा. एकदा वाजवलं, म्हणजे ठीक चाललंय. दोनदा वाजवलं, की साचा घेणाऱ्याने हातातलं असेल ते टाकून साचा उचलायचा. साचा बिघडला तर बिघडला. या कामात वाद न घालण्यासारखा नियम एवढाच.

दादाने दोनदा वाजवलं होतं. काकांनी ते ऐकलं होतं. आणि पुढे वहिनींनी विचारलं तेव्हा, वाजवलंच नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

२

विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, ग्रंथालयाच्या जिन्याखालून गेलं, की ग्रीक आणि रोमन संस्कृतीचा विभाग लागतो. विद्यार्थी थोडे, जागा भरपूर. त्यातली सगळ्यांत मोठी खोली पुतळ्यांची. अस्सल संगमरवरी पुतळे कुठल्या कुठल्या संग्रहालयांत बसलेत. इथे त्यांचे प्लास्टरचे ठसे, शिकणाऱ्यांना चहूबाजूंनी बघता यावेत म्हणून. काकांची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण पुतळ्यांची नाकं पडायची थांबली नव्हती. पोरांची ढकलाढकली झाली की आधी नाक जातं. म्हणून विभागप्रमुख बाईंनी त्यांना येत राहायला सांगितलं होतं.

रोज सकाळी ते खिडक्या उघडत आणि मऊ फडक्याने एकेकाचं तोंड पुसत. हात नसलेली देवी, थाळी फेकायला वाकलेला पैलवान, आणि भिंतीलगत रोमन म्हाताऱ्यांची रांग. ग्रीकांनी माणूस घडवला तो असावा तसा आणि रोमनांनी घडवला तो होता तसा, असं बाई पहिल्याच तासाला सांगत. काकांना रोमन जवळचे वाटत. टक्कल, चामखीळ, ओघळलेले गाल, सगळं जिथल्या तिथे. आपल्याच गल्लीतली पेन्शन घेणारी माणसं.

याच विभागात दादाची नात शिकत होती. घरातलं नाव ठकी. तिचा बाप म्हणजे दादाचा मुलगा, दादा गेला तेव्हा रांगत होता. तो आता नोकरीसाठी दूर असे, आणि ठकी आजीजवळ राहून शिके.

"लोकांच्या नाती जिवंत माणसांच्या उपयोगाचं काही शिकतात," वहिनी म्हणत. "आमची मेलेल्यांचं शिकते. तेही परक्या मेलेल्यांचं."

"ते परके आहेत म्हणून बरं, आजी. घरचे असते तर तिथूनही टोमणे मारले असते."

ठकी काकांना 'आजोबा' म्हणे. तिने तसं म्हणावं असं दुसरं माणूस घरात नव्हतं. ते का नव्हतं, हे आठवलं की काकांचा हात एखाद्या सम्राटाच्या कानामागे उगाच घासत राही.

एका सकाळी ती बाईंना घेऊनच आली.

"काका, गळ घालायला आलेय," बाई म्हणाल्या. "रोमन अंत्ययात्रेचा धडा आहे. नुसता वाचला की मुलांच्या डोक्यावरून जातो. विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात ती यात्रा आम्ही करून दाखवणार आहोत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. रोममधल्या बड्या घरांत पुढच्या दालनात लाकडी कपाटं असत, आणि त्यांत घरातल्या गेलेल्या कर्त्या माणसांचे मेणाचे मुखवटे. घरात कुणी वारलं की ती कपाटं उघडायची. ज्याची अंगकाठी जुळेल त्याने तो मुखवटा चढवायचा, तसे कपडे घालायचे, आणि तो माणूस जसा चालायचा तसं यात्रेत चालायचं. चौकात पोचलं की सगळे मुखवटे खुर्च्यांवर ओळीने बसत.

"म्हणजे नव्याने गेलेल्याला घ्यायला जुने सगळे आले," ठकी म्हणाली.

काकांनी फडकं झटकलं. "आणि परत?"

"परत काय?"

"घ्यायला आले ते. परत जात असतील ना?"

बाई हसल्या. "कपाटात जायचे, काका."

३

मुलांच्या चेहऱ्यांचे साचे घ्यायला सुरुवात झाली. भुवयांना व्हॅसलीन चोपडायचं, केस फडक्यात बांधायचे, नाकात नळ्या घालायच्या आणि मग कपाळापासून खाली प्लास्टर. काका प्रत्येकाला नियम सांगत. तो सांगून झाला की पुन्हा सांगत. थर चढला की त्यांची नजर चेहऱ्यावर नसे, फळीवरच्या हातावर असे. एका मुलाने एकदाच बोट वाजवलं, तरी त्यांनी साचा ओढून काढला. ओला गोळा दोघांच्या अंगावर पडला.

"काका, मी नुसतं 'ठीक आहे' म्हणत होतो!"

"असू दे. परत घेऊ."

"अहो, माझ्या अर्ध्या मिशा गेल्या त्याच्याबरोबर."

"मिशा परत येतात," काका म्हणाले.

शेवटचा मुलगा वर्गातला सगळ्यांत बडबड्या. नाकात नळ्या जाताच तो ताडकन उठून बसला. "हे माझ्याच्याने व्हायचं नाही. मी तिरडीला खांदा देतो वाटलं तर. वजनदार मेलेला द्या, पण हे नको."

"मग एक खुर्ची रिकामी राहते," ठकी म्हणाली. ती बाकाच्या कडेवर बसली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, माझ्या आजोबांचा साचा तुमच्याकडे आहे ना? आजी म्हणते, आहे."

काका घमेल्यातलं प्लास्टर खरवडत होते. "फुटला असेल, ठके. किती वर्षं झाली."

"तुम्ही फोडलात? तुम्ही कान तुटलेली कपबशीसुद्धा टाकत नाही."

"आजीला आधी विचार."

"विचारलं. बघवेल म्हणाली आता."

दादा गेला त्या आठवड्यात वहिनींनी म्हटलं होतं, 'तो साचा ठेवून द्या भाऊजी, मला आत्ता बघवणार नाही.' ते 'आत्ता' आज संपलं.

"सगळ्या वर्गात खरा पूर्वज माझ्याच एकटीकडे आहे," ठकी म्हणाली. "बाकीचे एकमेकांची तोंडं चढवून फिरणार. मी कधी पाहिलं नाही हो त्यांना. एकदा त्यांच्या डोळ्यांतून बघेन तरी."

नाही म्हणायला काकांनी तोंड उघडलं. पण या घरात एक 'नाही' ते पूर्वीच म्हणून बसले होते. दुसरं त्यांच्याच्याने म्हणवेना.

४

दादा थट्टेखोर होता. साच्याची खूण त्याने घरीदेखील नेली होती. चहा हवा असला की पाटाच्या कडेवर दोनदा बोट वाजवायचा, आणि वहिनी आतून ओरडायच्या, "उचलते हो तुमचा साचा, दम धरा!"

काकांना शिकायला चेहरा हवा होता. "माझंच थोबाड घे," दादा म्हणाला, "पुढे कुणी विचारलं तर ग्रीक होतं म्हणून सांग." पहिल्या खेपेला त्याने मध्येच दोनदा वाजवलं. काका धावले, साचा ओरबाडून काढला, आणि खालून दादा खदखदून हसला. "काय धावलास रे!" दुसऱ्या खेपेलाही तेच. त्या वेळचे जुने साचेवाले वाया गेलेल्या प्लास्टरवरून काकांना वाटेल ते बोलले.

तिसऱ्या खेपेला साचा घट्ट होत आला होता. प्लास्टर घट्ट होताना तापतं; तीच थोडी वेळ सांभाळायची असते. काका पाठमोरे उभे राहून घमेलं धूत होते.

टक, टक.

आणखी जरा, दादा, असं ते मनात म्हणाले.

टक, टक.

आणखी जरा. आणि त्यांनी नळ मोठा सोडला.

साचा सुरेख आला. भुवईचा केस अन् केस उमटला होता. दादा उठून बसला तेव्हा हसला नाही. तोंड पांढरं, भुवयांत प्लास्टरचे कण. त्याने काकांकडे पाहिलं. रागाने नाही. कोण आहे हा, असं आठवत असल्यासारखं. मग त्याने पायांनी चपला शोधल्या आणि काही न बोलता निघून गेला. डाव्या चपलेचा पट्टा सैल होता. ती घासत गेलेली काकांना ऐकू आली.

तो घरी पोचला नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानासमोर पडला. डॉक्टर म्हणाले, काळीज मुळातच कमजोर होतं, आज नाही तर उद्या हे व्हायचंच होतं. खरं असेल. त्या नळ्या मोकळ्या होत्या का तुंबल्या होत्या, हे काकांना कधीच कळलं नाही. त्यांनी त्या न बघता फेकून दिल्या होत्या.

वहिनींनी एकच विचारलं. "यांनी बोट वाजवलं होतं का हो, भाऊजी?"

"नाही," काका म्हणाले.

५

साचा जुन्या चादरीत बांधून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवलेला होता. दुपारच्या स्वच्छ उजेडात काकांनी तो सोडला आणि भिंतीला टेकवून उभा केला.

साचा म्हणजे चेहऱ्याची पोकळी. जिथे नाक वर असायचं तिथे ते आत असतं. पण थोडं लांबून पाहिलं की ही पोकळी फुगीर भासते, आणि आपण सरकलो की तिचं तोंडही आपल्याबरोबर वळतं. डोळ्यांची फसगत आहे, दुसरं काही नाही. दरवर्षी नव्या मुलांना काका ही गंमत दाखवत. मुली किंचाळत, मुलगे किंचाळलो नाही म्हणत.

सवयीने काका साच्यासमोरून डावीकडे गेले. साचा वळला. उजवीकडे आले. वळला. मग ते थांबले.

साचा जरा उशिराने थांबला.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. वय झालं, ते स्वतःशी म्हणाले. मान आधी थांबते, डोळे मागून.

साचा पाण्यात भिजवावा लागतो, म्हणजे मेण चिकटत नाही. आणि नळ्यांची दोन भोकं ओल्या मातीने बुजवावी लागतात, नाहीतर मेण गळून जातं. मातीची गोळी बोटावर घेऊन काका बराच वेळ उभे राहिले. प्लास्टरचा तुकडा आहे हा, त्यांनी स्वतःला बजावलं. तरी ती दोन भोकं बुजवताना त्यांच्या तोंडून निघालंच, "जरासंच हं."

मेण वितळवून ओतलं, साचा फिरवला, जादाचं मेण काढून टाकलं, निवू दिलं. कडा सुटल्या आणि मुखवटा हातात आला.

तो म्हाताऱ्याचा होता.

दादाच होता, वाकडं नाक, रुंद जिवणी, सगळं त्याचंच. पण डोळ्यांच्या कडेला जाळं, गाल खाली आलेले, हनुवटीखाली सैल कातडं. दादा तिशीच्या आतच गेला होता.

काकांनी नीट विचार केला. मेण निवताना आकसतं, त्याला सुरकुत्या पडतात. इतक्या वर्षांत साच्याने ओल धरली असेल. त्यांनी मुखवटा परत वितळवला, मेण गाळून घेतलं, पहिल्यापेक्षा सावकाश ओतलं. दुसरा मुखवटा पहिल्यासारखाच आला. फक्त ओठ थोडे विलग होते.

मग त्यांनी साच्यात हात घातला आणि गालाच्या जागी बोट फिरवलं. गुळगुळीत. तरण्या माणसाचा गाल. बोटाला तरुण लागत होता, आणि मेणात म्हातारा उतरत होता.

हात काढताना त्यांना दिसलं, की मातीच्या दोन्ही गोळ्या टेबलावर पडल्या आहेत. आतून ढकलल्यासारख्या. साचा तापला की हवा फुगते, ते म्हणाले. हे त्यांनी मोठ्याने म्हटलं. खोलीत कुणीच नव्हतं.

६

ठकी आजीला घेऊन आली. वहिनी आता हळू चालत, पण काठी घेत नसत. काठी घेतली की लोक जागा देतात आणि मग बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पुतळ्यांच्या खोलीत शिरताच त्यांनी थाळीफेक्या पैलवानाकडे पाठ केली.

"याला एखादा पंचा तरी गुंडाळा हो, भाऊजी."

"आजी, कला आहे ती."

"असेल. सर्दी कलेला होत नाही का?"

मग काकांनी मुखवट्यावरचं फडकं काढलं.

ठकीच आधी गोंधळली. "आजोबा, फोटोतले आजोबा तर पोरगेलेसे आहेत. हे एवढे..."

"गप गं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मेणाच्या गालाला हात लावला. "भाऊजी, तुम्ही यांना आत्ताच्या वयाचं केलंत."

काकांनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"किती माया केलीत. मला फार वाटायचं, आता कुठे भेट झाली तर हे मला ओळखायचेच नाहीत. मी अशी सुकलेली, आणि हे तसेच राहिलेले. बायको म्हणून सांगायलाही लाज वाटली असती." त्या हसल्या. डोळे पुसले. "आता शोभतो आम्ही."

ठकी खिडकीशी गेली आणि बाहेर बघत राहिली. वहिनी खुर्चीवर टेकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते. त्या वेळी तुम्ही म्हणालात ना, की यांनी वाजवलं नाही. मी त्याच्यावर दिवस काढले, भाऊजी. नाहीतर मेली झोप आली नसती मला. वाजवलं नाही, म्हणजे जीव घुसमटला नव्हता. आपल्या पायांनी चालत गेले आणि दिवा विझावा तसे गेले. पोराला मी तेच सांगितलं, ठकीलाही तेच सांगते."

खरं काय ते काकांच्या ओठांवर आलं होतं. तिथेच ते थांबलं. आता सांगायचं म्हणजे या बाईच्या सगळ्या रात्री पुन्हा मागून घ्यायच्या.

"चहा मागवू का, वहिनी?" ते म्हणाले.

७

मुखवटे ठेवायला सुताराने एक कपाट करून दिलं होतं. लाकडी, खणाखणांचं, पुढे काचेची दारं. सगळे मुखवटे त्यात मांडले गेले.

दुसऱ्या दिवशी दादाच्या खणाच्या काचेवर वाफ दिसली. नाकाच्या पातळीवर, वाटीएवढी. काकांनी फडक्याने पुसली. गेली नाही. वाफ आतल्या बाजूने होती. ओलं लाकूड, नवं मेण, बंद हवा. कारणं पुष्कळ होती. बाकीच्या खणांच्या काचा स्वच्छ होत्या, एवढंच.

भर दुपारी ते देवीच्या पायाचा अंगठा जोडत होते, तेव्हा मागून आवाज आला.

टक, टक.

त्यांनी हातातला अंगठा खाली ठेवला. दाराशी शिपाई स्टुलावर बसून पाय हलवत होता.

"तू वाजवलंस काही?"

"मी? नाही बुवा."

"लाकडावर वाजल्यासारखं."

"उंदीर असेल, काका. तुमच्या रोमन लोकांचा. दोन हजार वर्षांचा उपाशी."

काका कपाटाशी गेले. ओठ कालच्यापेक्षा जास्त उघडे होते का? त्यांना खात्री देता आली नसती. एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात आली आणि गेली नाही. साचा उचलला तेव्हा नक्की कोण उठून गेलं? कारण जो खाली निजला होता, तो कधी उठलाच नाही असं धरलं, तर मग सगळं जुळत होतं. तो चादरीत, वरच्या फळीवर, एवढी वर्षं तसाच पडून असणार. त्याचं वय वाढत असणार. आणि तो बोट वाजवत असणार.

त्यांनी शेगडी पेटवली, भांडं ठेवलं आणि मुखवटा बाहेर काढला. वितळवून टाकू, ठकीला सांगू की पडला. आणखी एक खोटं. खोट्याची काकांना तशी सवय होती.

"आजोबा! काय करताय?"

ठकी दारात होती. त्यांनी मुखवटा मागे घेतला. "कडा सारखी करतोय."

"द्या, मी घालून बघते." आणि त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत तिने तो तोंडावर धरून नाडी मागे बांधली. मेणाच्या पापण्यांखाली दोन बारीक फटी होत्या, तिला बघायला काकांनीच पाडलेल्या. त्या फटींतून तिने त्यांच्याकडे पाहिलं. मुलगीच होती, ओढणी, हातात घड्याळ. पण काकांनी भिंतीचा आधार घेतला.

"किती उबदार आहे आत," ती म्हणाली. तिचा आवाज दबून येत होता. "खुर्चीवरून कुणी नुकतंच उठून गेलेलं असतं ना, तसं."

"काढ, ठके."

"एक मिनिट."

"काढ म्हणतो ना!"

तिने काढला. आजोबा कधी ओरडत नसत. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि काका शेगडी विझवू लागले.

८

कार्यक्रम सकाळी होता. विभागाच्या व्याख्यानाच्या खोलीत खुर्च्या भरल्या होत्या. वहिनी पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून. मंचावर मुखवट्यांसाठी लाकडी खुर्च्यांची ओळ. काकांनी सगळ्या मुलांना बजावलं होतं, की गुदमरलं तर कुठल्याही लाकडावर दोनदा वाजवा, मी बाजूलाच उभा आहे.

दिवे मंद झाले. बडबड्या मुलाने खरंच तिरडीला खांदा दिला होता. मागून एकेक मुखवटा आला. कुणी सेनापतीसारखा छाती काढून, कुणी न्यायाधीशासारखा संथ. शेवटी ठकी. पांढऱ्या कापडाच्या घोळात तिचे दोन्ही हात गुंडाळलेले होते. ती हळू चालत होती, आणि तिची डावी चप्पल घासत होती.

काकांनी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं असेल. बायका बारीकसारीक लक्षात ठेवतात. त्यांनीच सांगितलं असणार.

मुखवटे बसले. बाई बोलू लागल्या, हे घराणं, हा पणजोबा, हा आजोबा. ते चेहरे लोकांकडे बघत स्तब्ध होते.

टक, टक.

काकांनी ठकीकडे पाहिलं. तिचे हात कापडात होते, मांडीवर.

वहिनींनी मान वर केली. त्यांनाही ऐकू आलं होतं. आणि त्यांच्या तोंडावर असं हसू आलं, की चहा टाकायला आता उठतीलच. ठकी नक्कल करतेय असं त्यांना वाटलं असेल. काकांनाही क्षणभर तसंच वाटलं. नाटक आहे. गंमत करतेय पोरगी. बाईंचं बोलणं संपू दे. आणखी जरा.

आणखी जरा, हे शब्द त्यांनी स्वतःच्या मनात ऐकले.

टक, टक.

मंचाच्या पायऱ्या ते कसे चढले ते त्यांना कळलं नाही. "उचलतो," ते म्हणत होते, "उचलतो दादा, या वेळी लगेच उचलतो. ऐकलं होतं रे मी. दोन्ही वेळा ऐकलं होतं. नळ मोठा सोडला मी, मला वाटलं थट्टा करतोस." बोटांना नाडी सापडेना. त्यांनी मुखवटा दोन्ही हातांनी धरला आणि वर उचलला.

खाली पांढरं तोंड होतं. भुवयांत कण, पापण्या मिटलेल्या. पापण्या उघडत होत्या.

मग ती ठकी होती. घामाघूम, घाबरलेली. "काय झालं, आजोबा? मी नाही वाजवलं."

काकांनी हातातल्या मेणाकडे पाहिलं. ते गार होतं. गालावर एक सुरकुती नव्हती, आणि ओठ मिटलेले होते. तिशीच्या आतला माणूस, कुणाचीही वाट न बघणारा.

मागे कुणीतरी, हेही नाटकातलंच समजून, टाळी वाजवली. ती एकटीच वाजली आणि थांबली.

वहिनी उभ्या राहिल्या होत्या.

"वहिनी," काका म्हणाले.

त्या त्यांच्याकडे बघत होत्या. रागाने नाही. कोण आहे हा, असं आठवत असल्यासारख्या. ही नजर काकांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती. वहिनींनी पायांनी चपला शोधल्या आणि त्या वळल्या. खुर्च्यांमधली वाट पूर्ण मोकळी होती, तरी त्या एका कडेने चालत होत्या, शेजारी जागा सोडून. दाराशी पोचल्यावर त्यांनी दार उघडलं आणि धरून ठेवलं. एका माणसाला बाहेर पडायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ.

मग काही न बोलता त्या निघून गेल्या.